लळिंगच्या चढावर

गाडी झटके मारते असं सांगत कुणी गॅरेजच्या दारात आलं की मी हातातला पाना खाली ठेवतो, त्यांना खुर्ची देतो आणि चहा सांगतो. बॉनेट उघडत नाही. बऱ्याच जणांना हे आवडत नाही. कुणाला कापसाच्या पैशांसाठी व्यापाऱ्याकडे जायचं असतं, कुणाला मुलीला एरंडोलला पोचवायचं असतं. “आधी बघून तर घ्या,” असं म्हणतात. पण झटका कधी बसतो, हे गाडीपेक्षा माणूस जास्त चांगलं सांगतो. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर की इंजिन गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीत की चार माणसं बसल्यावर? कितव्या गिअरला? एसी लावला की वाढतो का? टाकीत पेट्रोल किती होतं, कधी भरलं होतं? पाऊस येऊन गेला होता का? ही उत्तरं नीट मिळाली की अर्धं काम तिथेच, खुर्चीवर होतं.

ही सवय माझी नाही, उस्तादांची. १९९२ साली दहावीनंतर मी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात कामाला लागलो. पहिले सहा महिने पाने पुसणं, चहा आणणं आणि पार्ट रॉकेलच्या ट्रेमध्ये धुणं. मारुती ८०० तेव्हा सगळीकडे दिसायला लागली होती, पण अ‍ॅम्बेसिडर आणि पद्मिनीही रोज यायच्या. पेट्रोलच्या सगळ्याच कार्बोरेटरच्या. उस्ताद मूळचे साक्रीकडचे, बोलणं अहिराणी. मी एकदा त्यांना न विचारता एका गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “पहिले आयक, मंग हात लाव.” आधी ऐक, मग हात लाव. रागावून नाही, अगदी शांतपणे.

ट्रायलला जाताना ते मला मागच्या सीटवर बसवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. गाडी लळिंगच्या घाटाकडे निघायची. झटका बसला की विचारायचे, “कोठून उना?” कुठून आला? पायाखालून, पाठीमागून की समोरून? पहिले काही आठवडे मला काहीच कळलं नाही. मग हळूहळू शरीराला फरक समजायला लागला. इंजिनचा झटका असतो तेव्हा गाडीला कुणीतरी मागून धरून सोडल्यासारखं होतं, मान पुढे जाते, आणि सायलेन्सरचा आवाज त्याच क्षणी तुटतो. माउंटिंग तुटलं असेल किंवा जॉइंट ढिला झाला असेल तर आधी ‘खट्’ असा आवाज येतो, धक्का नंतर. क्लच प्लेटचा दोष असेल तर गाडी फक्त पहिल्या गिअरला निघताना थरथरते, एकदा चालायला लागली की शांत. हे तिन्ही त्रास घेऊन येणारं गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं: गाडी झटके मारते.

लळिंग धुळ्याच्या दक्षिणेला, मालेगावकडे जाताना लागतं. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी महामार्ग. घाट मोठा नाही, पण भरल्या गाडीचं खरं-खोटं करायला पुरेसा आहे. मे महिन्यात तिथे कार्बोरेटरच्या गाड्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या दिसायच्या. खानदेशातला उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसच्या वर जातो, डांबर चपलेला चिकटतं. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असायचा. इंजिनच्या धगीने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची. पंप द्रव ओढू शकतो, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. मग गाडी आचके द्यायची आणि दम तोडायची. इलाज सोपा होता. डब्यातलं पाणी, एक जुनं धोतराचं फडकं, ते ओलं करून पंपाभोवती गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं. मी स्वतः असं फडकं कितीतरी वेळा गुंडाळलंय. गरम पंपावर पाणी पडल्यावर होणारा तो ‘चर्र’ आवाज आणि त्याबरोबर येणारा पेट्रोलचा वास अजून लक्षात आहे.

पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि पंप इंजिनपासून दूर, थेट टाकीत गेला. पेट्रोल तीन बारच्या आसपासच्या दाबाने पुढे ढकललं जायला लागलं. दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं, म्हणून वाफेचा तो त्रास जवळजवळ संपलाच. पण नवा एक आला. टाकीतला पंप त्याच पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. आपल्याकडे दोनशे-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकत रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय. काटा तळाला, बाहेर भाजणारं ऊन, पंप उघडा पडतो आणि तापतो. असा पंप आधी मान टाकतो ती नेमकी जास्त पेट्रोल लागतं तेव्हा: मोठ्या स्पीडला, ओव्हरटेक करताना. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. किती जण ऐकतात माहीत नाही, पण मी सांगायचं सोडत नाही.

१९९९ पासून माझं स्वतःचं गॅरेज जळगावला आहे. इथल्या झटक्यांचं एक वेगळं पंचांग आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की एअर फिल्टरवर कापसाचे तंतू बसतात. बाहेरून बघितलं तर फिल्टर पांढरा, म्हणजे स्वच्छच वाटतो, आणि आतून श्वास कोंडलेला. पावसाळ्यात टाकीत पाणी. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जळूनही जातं, पण जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. पंपही तळाचंच ओढतो. महिनाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या पावसानंतर काढली आणि झटके सुरू झाले, की मी आधी काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून उन्हात धरतो. खाली वेगळा थर दिसला की बाकी काही उघडायची गरज राहत नाही. आणि उंदीर. गाडी खळ्यात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी उभी करणाऱ्यांच्या इंजेक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. तार पूर्ण तुटत नाही, दोन-चार धाग्यांवर लोंबते. खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो, पुढच्या क्षणी जुळतो. यावलचे एक केळीवाले शेतकरी चार महिने हा त्रास काढत होते. वायरीवर चिकटपट्टी मारली नाही, नीट जोड दिला, आणि गाडी खळ्यातून हलवायला सांगितली.

पण मला सांगायचंय ते गुरुजींच्या गाडीबद्दल.

पारोळ्याकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. श्रावणात आले, बरोबर त्यांच्या सौ. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, सात-आठ वर्षं वापरलेली, पण आतून अशी स्वच्छ की सीटवर बसायला संकोच वाटावा. सौंचं पाठीचं ऑपरेशन नाशिकला झालं होतं आणि दर तीन आठवड्यांनी दाखवायला जावं लागत होतं. धुळे, लळिंग, मालेगाव, नाशिक असा रस्ता. गुरुजी बोलत होते तेवढ्यात बाईच म्हणाल्या, “भाऊ, झटका बसस ना, तवय पाठमा कय निंघस.” झटका बसला की पाठीत कळ निघते. त्यांनी हात कमरेवर ठेवला होता आणि त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पाठ टेकवत नव्हत्या.

गुरुजींनी एक फाइल काढली. शिक्षकाची फाइल. प्रत्येक बिल तारखेवार लावलेलं, मागे पेन्सिलने टीप. दोन गॅरेजं झाली होती. पहिल्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी साफ केली, चारही प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला. दुसऱ्या ठिकाणी पेट्रोल पंप बदलला, तरी झटका तसाच, तेव्हा सांगितलं की आता कॉम्प्युटर गेला असेल. गाडीच्या कॉम्प्युटरची किंमत ऐकून गुरुजी तिथून निघाले आणि माझ्याकडे आले.

मी फाइल वाचली. प्लग पाच आठवड्यांपूर्वीचे. पंप नवा. मनातल्या मनात त्या दोन्हींवर काट मारली. हीच माझी चूक होती, आणि ती मला दोन दिवसांनी कळली.

मी एकटा गाडी घेऊन शिवाजीनगरच्या उड्डाणपुलावर गेलो. काही नाही, गाडी लोण्यासारखी. मग गुरुजी, बाई, माझ्याकडचा पोरगा आणि मी असे चौघे बसलो, एसी लावला आणि पुन्हा त्याच पुलावर गेलो. चौथा गिअर, स्पीड मुद्दाम कमी ठेवला, आणि चढाला लागल्यावर पेडल दाबलं. बसला झटका. एक, थांबून दोन. मागून बाईंचा “आई गं” ऐकू आला आणि मी लगेच पाय काढला. त्यानंतरच्या ट्रायलला मी त्यांना बसू दिलं नाही. त्यांच्या जागी गॅरेजमधली सिमेंटची दोन पोती ठेवली.

ओझं आल्यावरच झटका बसतो याचा एक सरळ अर्थ आहे. पेडल दाबलं की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, ती दाबली जाते तेव्हा तिथला दाबही जास्त असतो. प्लगच्या दोन टोकांमधली फट जेमतेम एक मिलिमीटर, पण दाबलेल्या हवेतून ठिणगीला ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल हजारो व्होल्ट देते, आणि वीज नेहमी सोपी वाट शोधते. वाटेत कुठे चीर असेल तर रिकाम्या गाडीत ती वीज फटीतून जाते आणि भरल्या गाडीत चिरेतून पळते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल जळत नाही, चारांपैकी एक सिलिंडर त्या क्षणापुरता मरतो. तोच झटका. पेट्रोलची कमतरता असेल तर सहसा चारही सिलिंडर एकदम गळपटतात. तरी मी दाबाचं मीटर लावून खात्री केली. काटा स्थिर होता.

स्कॅनर लावला. जुने कोड आधीच्या ठिकाणी पुसलेले होते, त्यामुळे साठवलेलं काही नव्हतं. पोराला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसवलं आणि पुन्हा पुलावर गेलो. मिसफायरचा आकडा दोन नंबरच्या सिलिंडरला वाढत होता, बाकी तीन शून्यावर. मी दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाकली. दोष कॉइलचा असेल तर आकडा तीनवर जायला हवा. गेला नाही. दोनवरच वाढत राहिला. तीनवर मधूनच एखादा दिसला. तो एखादा मी सोडून दिला. तो सोडून द्यायला नको होता.

मग मी इंजेक्टरकडे वळलो, कारण प्लग नवे होते. त्या गाडीत इंजेक्टरपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागतं. पूर्ण दिवस गेला. इंजेक्टरची अदलाबदल केली, गाडी बांधली, पुलावर गेलो. आकडा दोनवरच. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना नाशिकला जायचं होतं. मी त्यांना फोन केला की गाडी तयार नाही. ते म्हणाले, हरकत नाही, भाड्याची करतो. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रात्री घरी जेवताना मला बाईंचं ते कडेवर बसणं सारखं दिसत होतं.

सकाळी गॅरेज उघडल्यावर मी गाडीला हात लावला नाही. फाइल घेतली आणि पहिल्या पानापासून, या वेळी बिलं नाहीत तर मागच्या पेन्सिलच्या टिपा वाचल्या. पहिल्या बिलामागे गुरुजींनी लिहिलं होतं: ‘गर्दीत हळू चालवताना अडखळते.’ दुसऱ्या बिलामागे: ‘चढावर झटका.’ मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. हळू चालवताना अडखळणं म्हणजे थ्रॉटलला कार्बन. तो पहिल्या गॅरेजवाल्याने साफ केला होता आणि तो त्रास खरोखर गेला होता. चढावरचा झटका त्यानंतरचा होता. म्हणजे दोन वेगळे दोष, एकामागून एक आलेले, आणि गुरुजींनी तोंडाने दोन्हींना एकच शब्द वापरला होता. त्यांच्यानंतर आम्ही सगळ्यांनीही. मी त्यांना झटका कधी बसतो हे विचारलं होतं. पहिल्या दिवसापासून हाच झटका आहे का, हे विचारलं नव्हतं.

दुसरा दोष जन्मला तो पहिल्या दुरुस्तीनंतर. त्या दुरुस्तीत दोन नंबरच्या सिलिंडरला काय नवं आलं होतं? प्लग.

मी दोनचा प्लग काढला. टोक बिस्किटी रंगाचं, फट बरोबर. वरवर बघितलं तर चांगलाच. मग खिडकीच्या उजेडात नेऊन चिनीमाती फिरवून बघितली. वरच्या पांढऱ्या भागावर केसाएवढी एक काळपट रेघ होती, पेन्सिलने ओढल्यासारखी, वरून खाली लोखंडापर्यंत. पेट्रोलच्या फडक्याने पुसली, गेली नाही. नखाने चाचपलं तर नख अडकलं. चीर. मग दोनच्या मूळ कॉइलच्या रबरी नळीत टॉर्च मारला. आतल्या बाजूला अगदी तशीच रेघ जळलेली. हे रबर मी तीन नंबरवर टाकलं होतं, म्हणूनच तिथे तो एखादा मिसफायर दिसला होता.

उस्तादांच्या काळात ही चोरी पकडायला गॅरेजचे दिवे मालवायचे. अंधारात इंजिन सुरू ठेवायचं, प्लगच्या लांब वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि बघत राहायचं. जिथे गळती असेल तिथे निळी ठिणगी उडी मारताना दिसायची, ‘टक टक’ असा बारीक आवाज यायचा. आता कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर, खोल विहिरीत बसते. तिथे कुणाची नजर पोचत नाही. बाहेर काढून, हातात फिरवूनच बघावं लागतं.

नव्या प्लगला चीर पडायला काही मोठं कारण लागत नाही. खोल विहिरीत गोटी पाना जरासा तिरका धरला गेला, किंवा प्लग हातातून फरशीवर पडला आणि उचलून तसाच लावला. आवाजही होत नाही. कुणाच्या हातून झालं ते मला माहीत नाही आणि ज्याच्या हातून झालं त्यालाही कदाचित माहीत नसेल. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी तेव्हापासून एक नियम घालून दिलाय: पडलेला प्लग लावायचा नाही, त्याचे पैसे मी भरतो. प्लग आधी हाताने आट्यांत फिरवायचा, पाना शेवटी.

दोनचा नवा प्लग टाकला आणि कॉइलचं रबरही बदललं. नुसता प्लग बदलला असता तर जुन्या रबरातल्या जळक्या रेघेने महिन्याभरात नव्या प्लगवरही वाट काढली असती. बऱ्याच वेळा गाडी परत येते ती याच कारणाने. सिमेंटची पोती ठेवून पुलावर चार फेऱ्या मारल्या. चारही सिलिंडर शून्यावर. एक काळजी राहिली होती. इतके आठवडे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जात होतं, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याला भाजून काढतं. म्हणून झटक्याबरोबर चेक लाइट लुकलुकायला लागला तर गाडी पुढे दामटू नये. सुदैवाने तो वाचला होता.

बिलात मी इंजेक्टरच्या दिवसाची मजुरी लावली नाही. तो दिवस माझ्या चुकीचा होता. एक प्लग, एक रबर आणि ‘तपासणी’ असं तीन ओळींचं बिल. ही तपासणीची ओळ लिहायला मला या धंद्यात खूप वर्षं लागली. आपल्याकडे पार्ट बदलला तर लोक पैसे देतात, दोष शोधला तर देत नाहीत. ‘नुसतं बघितलं तर एवढे?’ असं विचारतात. मग मेकॅनिकही शिकतो की शोधण्यापेक्षा बदलणं परवडतं. पंप बदलून बघू, कॉम्प्युटर बदलून बघू. या ‘बदलून बघू’ने कितीतरी घरांचे पैसे मातीत जातात आणि चांगले पार्ट भंगारात जातात. मी ती ओळ वेगळी लिहितो आणि कुणी विचारलं तर बसवून समजावून सांगतो. गुरुजींनी काहीच विचारलं नाही. त्यांनी बिलाच्या मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलं आणि फाइलला लावलं.

तीन आठवड्यांनी सकाळी साडेआठच्या सुमाराला फोन आला. नंबर गुरुजींचा, आवाज बाईंचा. “लळिंग चढी राह्यनूत भाऊ. आयका.” लळिंग चढतोय, ऐका. पुढे त्या बोलल्या नाहीत, फोन तसाच धरून ठेवला. मला इंजिनचा आवाज ऐकू येत होता. मी पोरांना कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला आणि चढ संपेपर्यंत फोन कानाला धरून उभा राहिलो. आवाज सलग होता, कुठे तुटला नाही. फक्त वर पोचल्यावर तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना क्लच थोडा उशिरा सुटल्यासारखा वाटला. पुढच्या वेळी आले की पेडलचं फ्री प्ले बघायला हवं.